हॅम रेडिओच्या डिजिटल स्पर्धा : संगणकावर कोणती निवड आणि कशासाठी?

ऑगस्ट महिन्याच्या अखेरच्या पूर्ण शनिवार-रविवारी जगभरातील हजारो हौशी रेडिओ केंद्रे एकाच वेळी जागी होतात. आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेनुसार शनिवारी दुपारी बारा वाजता, म्हणजे भारतीय वेळेनुसार सायंकाळी साडेपाचला, 'वर्ल्ड वाइड डिजी' ही स्पर्धा सुरू होते आणि बरोबर चोवीस तासांनी संपते. या काळात कोणी माइकवर बोलत नाही, कोणी मोर्सची कळ दाबत नाही. रेडिओला जोडलेला संगणक काही सेकंदांचे सूर हवेत सोडतो आणि दूरच्या देशातील दुसरा संगणक ते सूर ऐकून त्यांचे शब्द करतो. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील भूमसारख्या तालुक्याच्या गावी, घराच्या गच्चीवर बांधलेली एक तार आणि मध्यम शक्तीचा रेडिओ एवढ्या साहित्यावरही या स्पर्धेत भाग घेता येतो. मात्र त्यासाठी संगणक प्रणालीतील एक लहानशी निवड अचूक करावी लागते. ती चुकली, तर सर्व यंत्रे उत्तम चालत असूनही संपर्क पूर्ण होत नाही.

ही निवड म्हणजेच 'कॉन्टेस्ट मोड'. ती नेमकी काय करते, तिची गरज का पडली आणि ती कशी करावी, याची ही माहिती.

स्पर्धा कशाची?

हौशी रेडिओ किंवा हॅम रेडिओ हा परवानाधारकांचा छंद आहे. भारतात केंद्रीय दळणवळण मंत्रालयाची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर हा परवाना मिळतो आणि त्यासोबत प्रत्येकाला स्वतंत्र कॉल साइन, म्हणजे हवेतील नाव, दिले जाते. भारतीय हौशींची कॉल साइन सामान्यतः 'व्हीयू२' किंवा 'व्हीयू३' या अक्षरांनी सुरू होते. परवान्यात ठरवून दिलेल्या वारंवारता आणि शक्तीची मर्यादा स्पर्धेच्या काळातही पाळावीच लागते.

ठरलेल्या वेळेत जास्तीत जास्त केंद्रांशी संपर्क साधणे हे या स्पर्धांचे साधे उद्दिष्ट असते. संपर्क झाला असे केव्हा मानायचे, याचा नियम मात्र कडक आहे. दोन्ही केंद्रांनी एकमेकांची कॉल साइन आणि ठरलेली माहिती अचूक घेतली पाहिजे व ती मिळाल्याची पोच परस्परांना दिली पाहिजे. या ठरलेल्या माहितीला हॅमच्या भाषेत 'एक्स्चेंज' म्हणतात. प्रत्येक स्पर्धेचा एक्स्चेंज निराळा असतो. कोठे केंद्राचा नकाशातील चौकोन सांगायचा, कोठे अनुक्रमांक, तर कोठे विभागाचा क्रमांक. हौशी जगाच्या एका प्रचलित विभागणीत भारत बाविसाव्या विभागात येतो. त्यामुळे सप्टेंबर अखेरीस होणाऱ्या 'सीक्यू वर्ल्ड वाइड आरटीटीवाय' स्पर्धेत भारतीय केंद्र 'बावीस' हा आकडा पाठवते.

टंकमुद्रकापासून एफटी८ पर्यंत

डिजिटल पद्धतींमध्ये सर्वांत जुनी पद्धत रेडिओ टेलिटाइप, म्हणजेच 'आरटीटीवाय' ही होय. दोन सुरांमध्ये १७० हर्ट्झचे अंतर आणि ४५.४५ बॉडचा वेग हे तिचे हौशी जगातील रूढ माप. पूर्वी त्यासाठी खडखडणारे टंकमुद्रक यंत्र लागे. पुढे संगणकाच्या साउंड कार्डाने ते काम हाती घेतले. जपानी हौशी माकोतो मोरी यांच्या 'एमएमटीटीवाय' या आज्ञावलीने ही पद्धत घरोघरी पोहोचवली. १९९८ मध्ये पीटर मार्टिनेझ या ब्रिटिश हौशीने 'पीएसके३१' ही अतिशय अरुंद पट्ट्यात मावणारी पद्धत मांडली.

या जुन्या पद्धतींमध्ये मजकूर मुक्त असतो. टंकलेखन केलेले प्रत्येक अक्षर जसेच्या तसे हवेत जाते. त्यामुळे तेथे स्पर्धेची तयारी म्हणजे आधी लिहून ठेवलेली वाक्ये. एका कळीवर हाक, दुसरीवर एक्स्चेंज, तिसरीवर आभार. वाक्यात चूक असली तरी समोरचा माणूस ती वाचून समजून घेऊ शकतो.

२०१७ मध्ये 'एफटी८' ही पद्धत आली आणि हे चित्र बदलले. नावातील दोन अक्षरे स्टीव्ह फ्रँक आणि जो टेलर या तिच्या निर्मात्यांच्या आडनावांची, तर आठ हा आकडा तिच्यात वापरल्या जाणाऱ्या आठ सुरांचा. यांपैकी जोसेफ टेलर हे प्रिन्स्टन विद्यापीठातील खगोलभौतिकशास्त्रज्ञ. जोडताऱ्यातील पल्सारचा शोध लावल्याबद्दल १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना रसेल हल्स यांच्यासह मिळाले. पल्सारचे क्षीण स्पंदन वैश्विक गोंगाटातून वेचून काढण्याची विद्या महाराष्ट्राला अपरिचित नाही. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील 'जीएमआरटी' ही महादुर्बीण तेच काम करते. अवकाशातील क्षीण स्पंदन असो वा दुसऱ्या खंडातील हौशीची क्षीण हाक, गोंगाटातून अर्थ वेचण्याचे आव्हान एकाच जातीचे आहे. टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांची 'डब्ल्यूएसजेटी-एक्स' ही संगणक प्रणाली विनामूल्य असून तिची मूळ संकेतावलीही सर्वांसाठी खुली आहे.

एफटी८ मध्ये वेळ पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्यांत विभागलेली असते. एका पाळीत एक केंद्र १२.६४ सेकंद सूर सोडते, पुढच्या पाळीत दुसरे उत्तर देते. एक संदेश अवघ्या ५० हर्ट्झच्या पट्ट्यात मावतो, त्यामुळे एकाच वारंवारतेच्या परिसरात डझनावारी केंद्रे शेजारी शेजारी बोलू शकतात. २५०० हर्ट्झच्या पट्ट्यातील गोंगाट संदेशाच्या सुमारे सव्वाशे पट बलवान असला, तरीही संदेश उकलता येतो. कानाला जेथे केवळ खरखर ऐकू येते, तेथे पडद्यावर कॉल साइन उमटते.

स्पर्धेसाठी ही गती कमी वाटू लागल्याने २०१९ मध्ये 'एफटी४' ही धाकटी भावंड पद्धत आली. तिची पाळी साडेसात सेकंदांची, म्हणजे निम्मी. त्याची किंमत संवेदनशीलतेत मोजावी लागते. एफटी८ च्या तुलनेत एफटी४ ला सुमारे साडेतीन डेसिबलने अधिक बलवान संदेश लागतो. म्हणून बँड चांगला उघडलेला असताना एफटी४ आणि संदेश क्षीण असताना एफटी८ असा व्यवहार स्पर्धक ठेवतात.

७७ बिटांचे पाकीट

कॉन्टेस्ट मोडचे मर्म समजण्यासाठी या पद्धतींचा एक मूलभूत नियम लक्षात घ्यावा लागतो. एफटी८ असो वा एफटी४, प्रत्येक संदेशात मजकुरासाठी फक्त ७७ बिट असतात. बिट म्हणजे शून्य किंवा एक. या पाकिटात अक्षरे एकामागून एक लिहिली जात नाहीत, तर छापील फॉर्मप्रमाणे रकाने आखलेले असतात आणि प्रत्येक रकान्याची रुंदी ठरलेली असते.

नेहमीच्या संपर्कातील फॉर्म असा : समोरच्याच्या कॉल साइनसाठी २८ बिट, स्वतःच्या कॉल साइनसाठी २८ बिट, दोन्हींच्या शेवटी येऊ शकणाऱ्या जोडखुणेसाठी प्रत्येकी एक बिट, 'मिळाले' या अर्थाच्या पोचेसाठी एक बिट, नकाशातील चौकोनासाठी किंवा संदेशाच्या बळाच्या आकड्यासाठी १५ बिट आणि हा फॉर्म कोणत्या प्रकारचा आहे हे सांगण्यासाठी तीन बिट. बेरीज केली तर बरोबर ७७ भरतात. जागा अजिबात शिल्लक राहत नाही.

आता स्पर्धेत अनुक्रमांक पाठवायचा असेल, तर तो या फॉर्ममध्ये कोठे लिहायचा? उत्तर एकच : फॉर्म बदलायचा. आरटीटीवाय राउंडअप या अमेरिकी स्पर्धेच्या फॉर्ममध्ये चौकोनाचा रकाना नाही. त्याऐवजी सुवाच्यतेच्या आकड्यासाठी तीन बिट आणि अमेरिकी राज्याच्या नावासाठी किंवा अनुक्रमांकासाठी १३ बिट राखलेले आहेत. युरोपच्या अतिउच्च वारंवारता स्पर्धांच्या फॉर्ममध्ये सहा अक्षरी चौकोनाला २५ बिट आणि अनुक्रमांकाला ११ बिट द्यावे लागतात. ती जागा काढण्यासाठी तेथे दोन्ही कॉल साइन पूर्ण न लिहिता १२ आणि २२ बिटांच्या संक्षिप्त खुणांवर भागवले जाते. अमेरिकी 'फील्ड डे'च्या फॉर्ममध्ये प्रक्षेपकांची संख्या, केंद्राचा वर्ग आणि विभाग यांचे रकाने आहेत. प्रत्येकाची बेरीज पुन्हा ७७.

कॉन्टेस्ट मोड म्हणजे यांपैकी कोणता फॉर्म भरायचा, हे संगणकाला आधीच सांगून ठेवणे. आलेल्या संदेशातील शेवटचे तीन बिट पाहून प्रणाली समोरच्याचा फॉर्म ओळखते आणि तो पडद्यावर दाखवते. त्यामुळे चुकीची निवड असतानाही समोरच्याचा संदेश वाचता येतो. उत्तर मात्र चुकीच्या फॉर्मवर लिहिले जाते. नवख्यांचा घोटाळा नेमका येथे होतो. पडद्यावर सारे दिसत असते, तरीही संपर्क पुढे सरकत नाही.

हे फॉर्म डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूएसजेटी-एक्सच्या दुसऱ्या आवृत्तीपासून लागू झाले. त्यापूर्वीच्या आवृत्त्यांचे संदेश ७५ बिटांचे होते आणि त्यांचा नव्यांशी मेळ बसत नाही. एखाद्या जुन्या संगणकात त्याआधीची आवृत्ती पडून असेल, तर ती प्रथम बदलावी.

कोणत्या स्पर्धेला कोणती निवड

डब्ल्यूएसजेटी-एक्समध्ये 'सेटिंग्ज'च्या 'ॲडव्हान्स्ड' या पानावर 'स्पेशल ऑपरेटिंग ॲक्टिव्हिटी' असा चौकटीतला भाग आहे. त्यावर खूण केली की पुढील पर्याय खुले होतात.

'एनए व्हीएचएफ' हा उत्तर अमेरिकेतील अतिउच्च वारंवारता स्पर्धांसाठी. एक्स्चेंज : चार अक्षरी चौकोन.

'ईयू व्हीएचएफ' हा युरोपातील तशाच स्पर्धांसाठी. एक्स्चेंज : सुवाच्यता, अनुक्रमांक आणि सहा अक्षरी चौकोन.

'फील्ड डे' हा जूनमधील अमेरिकी सरावदिनासाठी. त्यात केंद्राचा वर्ग आणि विभाग स्वतः लिहून द्यावा लागतो.

'आरटीटीवाय राउंडअप' हा जानेवारीच्या सुरुवातीच्या स्पर्धेसाठी. शेजारच्या रकान्यात अमेरिकेतील स्पर्धक आपले राज्य लिहितो. भारतीय स्पर्धकाने तेथे परदेशी केंद्राची 'डीएक्स' ही दोन अक्षरे लिहावीत, म्हणजे प्रणाली राज्याऐवजी अनुक्रमांक पाठवू लागते आणि प्रत्येक संपर्कानंतर तो एकाने वाढवते.

'डब्ल्यूडब्ल्यू डिजी' हा ऑगस्टच्या स्पर्धेसाठी. एक्स्चेंज : चार अक्षरी चौकोन.

याच चौकटीत 'फॉक्स' आणि 'हाउंड' असे आणखी दोन पर्याय दिसतात. हे पर्याय स्पर्धेचे नव्हेत. एखाद्या दुर्मीळ बेटावर गेलेली मोहीम एकाच वेळी अनेकांना उत्तरे देते, तेव्हा मोहिमेने 'फॉक्स' आणि हाक देणाऱ्यांनी 'हाउंड' निवडायचा असतो. २०१८ मध्ये आलेली ही सोय मोहीम संपल्यावर बंद करण्यास अनेकजण विसरतात आणि पुढच्या स्पर्धेच्या संध्याकाळी गोंधळतात.

भूमचा चौकोन

वर्ल्ड वाइड डिजी ही भारतीय नवशिक्यासाठी सर्वांत सोयीची स्पर्धा, कारण तिचे गुण अंतरावर अवलंबून असतात आणि एक्स्चेंज म्हणून फक्त स्वतःचा चौकोन पुरतो. हा चौकोन 'मेडनहेड' या पद्धतीने ठरतो. सारी पृथ्वी प्रथम २० अंश रेखांश आणि १० अंश अक्षांश अशा मोठ्या खंडांत विभागतात व त्यांना दोन इंग्रजी अक्षरे देतात. प्रत्येक खंडाचे पुढे शंभर चौकोन पडतात आणि त्यांना दोन आकडे मिळतात.

भूम हे साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आणि ७५.७ अंश पूर्व रेखांशावर आहे. त्यानुसार त्याचा चौकोन 'एमके७८'. परंडा आणि बार्शी याच चौकोनात येतात. मात्र ७६ अंश पूर्व रेखांशावर हा चौकोन संपतो आणि 'एमके८८' सुरू होतो. जिल्ह्याचे ठिकाण असलेले धाराशिव, तसेच तुळजापूर आणि लातूर हे त्या दुसऱ्या चौकोनात पडतात. सोलापूर एक अंश दक्षिणेला म्हणून 'एमके७७', तर पुणे पश्चिमेला म्हणून 'एमके६८'. एकाच जिल्ह्यात दोन चौकोन असल्याने धाराशिवच्या मित्राकडून सेटिंग जशीच्या तशी उतरवून घेणारा भूमचा हौशी पहिल्याच संपर्कापासून चुकीचा एक्स्चेंज पाठवू लागेल. सरळ रेषेत ही दोन गावे पन्नासेक किलोमीटरच दूर आहेत, पण नियमाच्या दृष्टीने ती वेगळी आहेत.

अंतर मोजताना गावाचे नेमके स्थान न घेता चौकोनाचा मध्य घेतात. 'एमके७८'चा मध्य अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जतच्या आसपास, तर 'एमके८८'चा उदगीर आणि अहमदपूरच्या परिसरात येतो.

प्रत्येक संपर्काला एक गुण आणि दर तीन हजार किलोमीटरला आणखी एक गुण, हा या स्पर्धेचा हिशेब आहे. भूमच्या चौकोनातून दिल्लीशी संपर्क झाल्यास एक गुण मिळेल. मॉस्को सुमारे ५२०० किलोमीटरवर, म्हणून दोन. टोकियो सुमारे ६६०० आणि लंडन सुमारे ७४०० किलोमीटरवर, म्हणून प्रत्येकी तीन. सिडनी दहा हजारांच्या किंचित अलीकडे, म्हणून चार. न्यूयॉर्क आणि ब्राझीलमधील साओ पाउलो बारा हजारांच्या पलीकडे असल्याने प्रत्येकी पाच.

या गुणांची बेरीज नंतर गुणकाने गुणली जाते. प्रत्येक बँडवर गाठलेला प्रत्येक नवा दोन अक्षरी खंड हा एक गुणक. एखाद्या केंद्राचे शंभर संपर्कांचे २९० गुण झाले आणि सर्व बँड मिळून चाळीस खंड गाठले, तर अंतिम गुण ११,६००. सुमारे सात गुण देणाऱ्या नव्या संपर्कांइतकाच एखादा नवा खंड महत्त्वाचा ठरू शकतो. त्यामुळे भारतातील केंद्रांकडे दुर्लक्ष करणे हे नुकसानीचे आहे. मुंबई आणि बंगळूर 'एमके' खंडात येतात, पण दिल्ली 'एमएल', चेन्नई 'एनके', कोलकाता 'एनएल' आणि तिरुवनंतपुरम 'एमजे' खंडात आहे. देशातच पाच गुणक हाताशी आहेत.

हाक, उत्तर, पोच

नेहमीच्या एफटी८ संपर्कात सहा संदेश होतात : हाक, उत्तर व चौकोन, संदेशाचे बळ, त्याची पोच व उलट बळ, पुन्हा पोच आणि निरोप. दीड मिनिट जाते. डब्ल्यूडब्ल्यू डिजी निवडल्यावर बळाचा आकडा गळून पडतो आणि चार संदेशांत काम होते. पहिले केंद्र 'सीक्यू डब्ल्यूडब्ल्यू' अशी हाक देऊन आपली कॉल साइन व चौकोन सांगते. दुसरे केंद्र आपली कॉल साइन व चौकोन पाठवते. पहिले केंद्र 'आर' हे पोचेचे अक्षर लावून पुन्हा आपला चौकोन देते. दुसरे केंद्र अंतिम पोच देते. एफटी८ वर एक मिनिट, एफटी४ वर अर्धे मिनिट.

आता समजा, भूमच्या केंद्राने ही निवड केलीच नाही. ते साधी हाक देते, स्पर्धक चौकोनासह उत्तर देतो. भूमचा संगणक प्रथेप्रमाणे बळाचा आकडा पाठवतो. स्पर्धकाचा संगणक मात्र पोच आणि चौकोन यांची वाट पाहत असतो. दोन्ही यंत्रे आपापल्या परीने बरोबर असतात आणि संपर्क अर्धवट राहतो. दोन-तीन पाळ्या गेल्यावर स्पर्धक दुसऱ्या हाकेकडे वळतो. काही प्रसंगी प्रणाली स्वतःच 'अमुक स्पर्धेची निवड करावी का' असे विचारते. ती सूचना घाईने बंद न करता वाचावी.

उलट चूकही तितकीच त्रासाची. सोमवारी सकाळी नेहमीचा संपर्क साधताना डब्ल्यूडब्ल्यू डिजीची खूण तशीच राहिली, तर समोरच्याला बळाचा आकडा मिळत नाही आणि तो तीच ओळ पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. स्पर्धा संपल्यावर खूण काढणे हाही स्पर्धेचाच भाग समजावा.

आणखी एक बारकावा लांब कॉल साइनचा. २८ बिटांत बसण्यासाठी कॉल साइन नेहमीच्या घडणीची असावी लागते. व्हीयू२ किंवा व्हीयू३ नंतर दोन-तीन अक्षरे असलेली भारतीय कॉल साइन त्यात सहज बसते. विशेष प्रसंगी मिळणारी लांब कॉल साइन मात्र बसत नाही. तिच्यासाठी ५८ बिटांचा वेगळा रकाना वापरावा लागतो आणि मग चौकोनाला जागाच उरत नाही. अशा कॉल साइनने या स्पर्धेत एक्स्चेंज पूर्ण करता येत नाही. स्पर्धेसाठी नेहमीचीच कॉल साइन वापरणे हिताचे.

घड्याळ, आवाज आणि शक्ती

फॉर्म बरोबर निवडला तरी तीन गोष्टींनी काम बिघडते.

पहिली गोष्ट घड्याळ. पाळ्या सेकंदांत मोजलेल्या असल्याने संगणकाचे घड्याळ एका सेकंदाच्या आत अचूक असावे. इंटरनेट असेल तर घड्याळ आपोआप जुळवणारी आज्ञावली पुरते. पावसाळ्यात जोडणी तुटल्यास यूएसबीला जोडायचे जीपीएस यंत्र उपयोगी पडते. पडद्यावर प्रत्येक संदेशासमोर वेळेतील फरक दाखवला जातो. सगळ्यांचाच फरक एकाच दिशेने मोठा दिसू लागला, तर दोष आपल्या घड्याळाचा आहे असे समजावे.

दुसरी गोष्ट आवाजाची पातळी. संगणकातून रेडिओकडे जाणारा आवाज अधिक झाला की सूर विकृत होतो, ५० हर्ट्झची जागा सोडून शेजाऱ्यांच्या जागेवर पसरतो. रेडिओवरील स्वयंचलित पातळी-नियंत्रणाचा काटा हलणार नाही, इतपतच आवाज ठेवावा.

तिसरी गोष्ट शक्ती. बोलताना रेडिओ अधूनमधून पूर्ण शक्ती देतो. येथे मात्र सूर सलग चालतो आणि दर दुसऱ्या पाळीला पुन्हा सुरू होतो. शंभर वॉटचा रेडिओ चोवीस तास पूर्ण शक्तीने चालवल्यास तापतो. परवान्याच्या मर्यादेत राहून निम्मी किंवा त्याहूनही कमी शक्ती ठेवणे यंत्राच्या आयुष्याच्या दृष्टीने शहाणपणाचे. वीज जाण्याची शक्यता गृहीत धरून बॅटरीची सोय आधीच करावी. मेघगर्जना जवळ आली तर मात्र स्पर्धा सोडून अँटेनाची तार सोडवून ठेवावी. त्याला पर्याय नाही.

'जनरल' या पानावर कॉल साइन व चौकोनाबरोबर विभाग विचारलेला असतो. आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघटनेच्या रचनेत भारत तिसऱ्या विभागात येतो, तोच निवडावा. स्पर्धेसाठी सुचवलेल्या वारंवारता नेहमीच्या एफटी८ वारंवारतांहून वेगळ्या ठेवलेल्या असतात, जेणेकरून स्पर्धेत नसलेल्यांना त्रास होऊ नये. त्या आपल्या परवान्यात बसतात की नाही, हे आधी तपासून मगच प्रणालीच्या यादीत भराव्यात.

नोंदवही हीच साक्ष

स्पर्धेचा निकाल नोंदवहीवर लागतो. आयोजक सर्व स्पर्धकांच्या नोंदी संगणकावर एकमेकींशी ताडून पाहतात. भूमच्या केंद्राने जपानी केंद्राची नोंद केली, पण जपानी केंद्राच्या नोंदवहीत ती नसली, तर तो संपर्क मोजला जात नाही. कॉल साइनमधील एक अक्षर चुकले तरी तेच.

'रिपोर्टिंग' या पानावर स्पर्धेपुरती आपोआप नोंद करण्याची सोय आहे. ती लावली नाही, तर प्रत्येक संपर्कानंतर येणारी खिडकी हाताने मान्य करावी लागते आणि पहाटे तीन वाजता ती हमखास राहून जाते. अंतिम पोच मिळाली की नाही याची शंका असल्यास नोंद करून पुढे जावे, असा अनुभवी स्पर्धकांचा सल्ला असतो, कारण समोरच्याने नोंद केलेली असू शकते. समोरचा पुन्हा तोच संदेश पाठवू लागला तर त्याला पोच पुन्हा द्यावी. येथे सौजन्य आणि स्वार्थ एकच आहेत.

स्पर्धेपूर्वी 'फाइल' यादीतून स्पर्धेची जुनी नोंदवही रिकामी करावी. तसे न केल्यास मागील वर्षीच्या नोंदी मिसळतात आणि आधीच गाठलेले केंद्र म्हणून नवी केंद्रे वगळली जातात. स्पर्धेनंतर त्याच यादीतून 'कॅब्रिलो' या सर्वमान्य स्वरूपातील फाइल तयार करून मुदतीत पाठवावी. वेळा आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेतच नोंदल्या जातात. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे असल्याने रविवारी पहाटे केलेले संपर्क शनिवारच्या तारखेखाली दिसतात, यात चूक काही नसते.

संगणक एवढे सारे करत असेल तर माणसाचे काम काय, असा प्रश्न साहजिक आहे. प्रणालीने एका संपर्काची साखळी आपोआप पुढे नेली, तरी पुढील संपर्क कोणाशी आणि कोणत्या बँडवर साधायचा हे माणूसच ठरवतो. माणसाविना चालणारे यंत्र स्पर्धेत मान्य नाही. हाक देत बसायचे की इतरांच्या हाका शोधून गाठायच्या, युरोप मावळण्यापूर्वी बँड बदलायचा की थांबायचे, अमेरिकेसाठी पहाटेची वाट पाहायची की जपानकडे वळायचे, हे निर्णय यंत्राचे नव्हेत.

सरावाचा उपयोग

या जिल्ह्याला संदेशवहन तुटण्याचा अर्थ ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने औसा आणि उमरगा तालुक्यांतील गावे जमीनदोस्त केली आणि सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. २००१ च्या गुजरात भूकंपात हौशी रेडिओ केंद्रांनी संदेशवहनाला हातभार लावला. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी हौशी मोहिमेसाठी अंदमानात गेलेल्या भारती प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोर्ट ब्लेअरहून मुख्य भूमीशी संपर्क राखला. छंदासाठी नेलेली यंत्रे एका सकाळीत मदतीची यंत्रे झाली.

एफटी८ हे मात्र आपत्तीचे माध्यम नव्हे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. तिच्या मुक्त संदेशात जास्तीत जास्त १३ अक्षरे मावतात आणि तीही रोमन अक्षरे, आकडे व मोजकी चिन्हे अशा ४२ खुणांतील. देवनागरीला त्यात जागा नाही. 'इतकी माणसे अडकली आहेत, अमुक औषध पाठवा' हे तिच्यातून सांगता येणार नाही. त्यासाठी मुक्त मजकुराच्या पद्धती आणि रेडिओवरील ई-मेलच्या व्यवस्था आहेत.

मग स्पर्धेतून उरते काय? बॅटरीवर चोवीस तास केंद्र चालवण्याची सवय, कोणत्या वेळी कोणता बँड कोठवर पोहोचतो याचे ज्ञान, आणि ठरलेला फॉर्म अचूक भरून त्याची पोच घेतल्याशिवाय संदेश पोहोचला असे न मानण्याची शिस्त. मदतकार्यातील संदेशालाही ठरावीक रकाने असतात, त्याचीही पोच घ्यावी लागते आणि त्याचीही नोंद ठेवावी लागते. चुकीच्या रकान्यात लिहिलेला आकडा तेथे गुण कमी करत नाही, मदत चुकीच्या गावी पाठवतो.

येत्या स्पर्धेत उतरू इच्छिणाऱ्याने आठवडाभर आधी पाच गोष्टी तपासाव्यात : प्रणालीची आवृत्ती, स्वतःचा चौकोन, घड्याळ, आवाजाची पातळी आणि जुनी नोंदवही. सहावी गोष्ट शनिवारी सायंकाळी साडेपाचला पाच मिनिटे कमी असताना तपासावी. 'ॲडव्हान्स्ड' पानावरील खूण योग्य स्पर्धेसमोर आहे ना? तेवढी खात्री झाली की 'एमके७८' या चार खुणांत भूमचे नाव जगभर पोहोचू शकते.